समीरच्या हातात टॉर्च

स्क्रीनवर सगळ्यात मोठा राक्षस मरत होता आणि त्याला मारणारा समीर फोनवर बायकोला सांगत होता, "हो गं, दूध आणतो. एक लिटर ना?"

मी शेजारच्या खोलीत काचेमागून बघत बसलेले. डोकं असं तापलं की विचारू नका. त्या राक्षसावर माझ्या टीमने अख्खा पावसाळा घातलेला.

मी गेम डिझायनर आहे. आमचा स्टुडिओ ठाण्यात, कोलशेतला. आमचा गेम को-ऑप शूटर, म्हणजे चौघांनी एका बाजूने लढायचं आणि कॉम्प्युटरच्या शत्रूंना मारायचं. गेम बरीच वर्षं चाललाय, आणि लोक कंटाळून सोडून जात होते. आता येणाऱ्या अपडेटने ते थांबले नाहीत तर सर्व्हर बंद, म्हणजे गेमच बंद, असं वरून स्पष्ट सांगितलेलं. म्हणून अपडेट काढायच्या आधी खेळवून बघायला डोंबिवलीचे चार जुने प्लेअर बोलावलेले. कॉलेजपासूनचे मित्र.

मिशन संपलं. आमचे प्रोड्युसर मनोज सर खूश. "एकदाही मेले नाहीत. नव्या बंदुका आवडल्या वाटतं. अजून दोन टाकूया."

"सर, तो दुधाचं ठरवत होता."

"मग?"

"भांडी घासतानासुद्धा माणूस यापेक्षा लक्ष देतो."

मी आत गेले. चौघांतली प्राजक्ता बँकेत काम करते. तिला सरळ विचारलं, "कंटाळा येतो ना?"

ती ओशाळली. "मॅडम, गेम पाठ झालाय. आम्ही गप्पांसाठी येतो. समीर लांब स्नायपर बंदूक घेऊन बसणार, मी पुढे, हे दोघं मागे. कोण काय करणार सगळं माहितीये."

आम्ही शत्रू बदलत बसलेलो, आणि शिळी झाली होती ती यांची सवय.

रविवारी घरीही चैन पडेना. वर्तकनगरच्या आमच्या कॉलनीत खाली पुरुषमंडळींचं क्रिकेट चाललेलं. लेग साइडला कुणाचा तरी टेम्पो उभा होता. लगेच नियम झाला, टेम्पोला लागला की आउट. शेजारचे पाटील फार मारतात, म्हणून त्यांनी डाव्या हाताने खेळायचं. पाटील चिडले, बाकीच्यांना तेच हवं होतं. तीच माणसं, तीच जागा, इतकी वर्षं. मी खिडकीतून हललेच नाही.

सोमवारी सरांना गाठलं. "बंदुका नकोत. मिशनच्या आधी एकाने बाकीच्यांवर एक नियम लादायचा. दर वेळी वेगळ्याने."

"लोक भांडतील."

"भांडू देत."

"नाही चाललं तर?"

"तसाही बंदच होतोय ना?"

सरांनी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाले, "कर. पण माझं नाव घेऊ नकोस."

नियम तयार झाल्यावर चौघांना पुन्हा बोलावलं. पहिली पाळी प्राजक्ताची. तिने ठरवलं, सगळीकडे अंधार आणि समीरला बंदूक नाही, फक्त टॉर्च.

"ए, हे चिटिंग आहे," समीर म्हणाला.

"अरे गाढवा, उजवीकडे मार उजेड," प्राजक्ता ओरडली.

"कुणाच्या उजवीकडे?"

तेवढ्यात चौघंही मेले. कुणी सांगायच्या आत पुन्हा सुरू केलं. समीरचा फोन वाजला. "अगं ठेव, मरतोय मी इथे," म्हणून त्याने तो उलटा टाकला. काचेमागे मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

अपडेट लोकांपर्यंत गेला. सोडून गेलेले हळूहळू परतले, सर्व्हर चालू आहे. मनोज सर आता मीटिंगमध्ये "माझी आयडिया" म्हणतात. म्हणू देत. मला धास्ती वेगळीच आहे, हे नियमही कधीतरी पाठ होणार. म्हणून हल्ली टेस्टनंतर रिपोर्टची वाट बघत नाही. आधी खेळणाऱ्यांना विचारते, घरचं काही आणायचं कोण विसरलं?