बर्फीची कातरणी

तेरच्या गुंडाप्पाला कुणी काही शिकवायला गेलं, की आधी त्याच्या मिशा ताठ व्हायच्या आणि मग आवाज चढायचा. गायरानाला कुणी कुंपण घातलं, गुंडाप्पा पुढं. मेंढपाळाला कुणी "ए" करून हाक मारली, गुंडाप्पा पुढं. "ए म्हणायला म्या काय तुमचं शेरडू हाय का?" असं त्यानं एका साहेबाला भर कचेरीत विचारलं होतं. साहेबानं घाईघाईनं खुर्ची पुढं केली, तर हा बसेना. "आता उभाच बरा हाय. बसलो की तुमचं काम लांबतंय."

अशा तिखट माणसाचा हात मेंढरावर पडला की मात्र लोणी. मेंढरं कातरायला पंचक्रोशीतून त्याला बोलावणं यायचं. जनावर उताणं पाडून, पाय बांधून, मोठी कातर अशी चालवायचा की लोकर एका अंगरख्यासारखी उतरायची आणि कातडीवर ओरखडा नाही. पण गायरानं आकसली, गुंडाप्पाचा गुडघा कुरकुरू लागला, मेंढरं विकावी लागली. कातर तेल लावून फडक्यात गुंडाळली आणि आढ्याला खोचली. दावणीला उरल्या दोन शेळ्या.

मुलगा कुमार धाराशिवला नोकरीला, सून राजेश्वरी तिथंच शाळेत शिकवते. अंतर म्हणाल तर एसटीत डुलकी लागायच्या आत गाव येतं. तरी नात सृष्टी यायची ती सणाला, सकाळी येऊन दुपारी परत. कारण बर्फी. बर्फी म्हणजे सृष्टीची कुत्री. पांढरी, इतक्या लांब केसांची की तोंड कुठलं आणि शेपूट कुठली हे ती चालायला लागल्यावरच कळावं.

"तिला एकटी ठेवता येत नाही, मामा," राजेश्वरी म्हणायची, "आणि तुमच्याकडं आणली तर केसांचं वाटोळं."

यंदा राजेश्वरीच्या भावाचं लग्न निघालं, उदगीरला. आठ दिवस बर्फीला ठेवायचं कुठं? गुंडाप्पा फोनवर गरजला, "म्या मेलोय का? आण हिकडं!"

राजेश्वरीनं आणून सोडली. जाताना म्हणाली, "ह्या खेपेला नीट राहिली, तर मे महिन्यात सृष्टी आणि बर्फी, दोघी इथंच. महिनाभर."

"आणि न्हाई राहिली तर?"

"तर मग बघू," राजेश्वरी म्हणाली. सुनेचं 'बघू' म्हणजे काय, हे गुंडाप्पाला चांगलं ठाऊक होतं.

बर्फीला रान म्हणजे काय हे पहिल्यांदाच कळलं. शेळ्यांमागं पळाली, तुरीत घुसली, आघाड्यात लोळली. चार दिवसांत अंगभर कुसळं, गोखरू आणि केसांचे गठ्ठे. काखेतला गठ्ठा असा आवळला की बर्फी लंगडू लागली.

"कातरावं लागतंय," गुंडाप्पा म्हणाला. "धुऊन आणतो."

त्याची बायको बानूबाई ओट्याला गेरू देत होती. तिच्या माहेरी घोंगड्या विणायचे. तिनं मान वर केली. "अवं, धुऊ नगा. आधी कातरा. गुतलेल्या केसाला पाणी लागलं की आटतंय. घोंगडं दुसरं कशानं घट्ट व्हतंय?"

मिशा ताठ झाल्या. "न धुता मेंढरू कातरलंय का म्या कधी? मला शिकवतीस?"

तेरणा नदीवर नेऊन त्यानं बर्फीला रगडून रगडून धुतली. उन्हात वाळवली. घरी आणून पाठीत बोट घालायला गेला, तर बोट शिरेना. कुसळं, केस, गोखरू सगळं मिळून एकजीव.

बानूबाईनं येऊन हात फिरवला. "घ्या. आता घोंगड्यावानी चिंचोक्याची खळ लावा आन् पांघरा."

गुंडाप्पानं आढ्याची कातर काढली. बर्फीला उताणी पाडून पाय बांधायला गेला. मेंढरू असं पाडलं की गुमान पडतं. बर्फीनं अशी किंकाळी फोडली की शेजारची शांताक्का भिंतीवरून डोकावली.

"कुत्रं मारताय का वो, गुंडाप्पा?"

"कातरतोय!"

"मग आवाज मारल्यावानी का येतोय?"

पाय सोडले. कातर तर कुत्रीहून मोठी, काखेत वळायची कशी? शेवटी दुधाच्या पिशव्या कापायची घरातली कात्री दगडावर घासून घेतली आणि बर्फीला मांडीवर घेतलं. ती वळवळे, हात चाटे, कात्री चाटे. गुंडाप्पाचं डोकं फिरलं.

"बस की गं भवाने! लोकाच्या तुरीत लोळायला मज्जा वाटली व्हय? तुला काय, लग्नाला न्हेलं आसतं तर नवरीच्या शालूवर बसली आसतीस..."

आणि नवल झालं. बर्फी ढिली पडली. डोळे मिटायला लागली. गुंडाप्पा दम घ्यायला थांबला की ती उठून बसायची, शिव्या सुरू झाल्या की पुन्हा लोळागोळा. त्याच्या त्या खर्जातल्या गुरगुरण्यात तिला काय सापडलं, तिलाच माहीत. मग काय, बर्फीला द्यायच्या शिव्या संपल्या तेव्हा कुंपणवाल्याला दिल्या, शेळी नेणाऱ्या लांडग्याला दिल्या, बांध कोरणाऱ्या चुलतभावाला तर सविस्तर दिल्या. आतून बानूबाई आठवण करून देत होती, "तुमच्या मेव्हण्याला इसरला की!"

हात मात्र सावकाश चालले होते. गठ्ठ्याखाली कातडीला लागून कंगवा सरकवायचा, कात्रीचं टोक बाहेर ठेवायचं, गठ्ठा उभा चिरायचा आणि बोटांनी उकलायचा. काख सुटली. पोट सुटलं. डोक्यालगत मोठी गाठ होती. त्यानं ती चिमटीत धरली, कात्री लावली, दाबणार तेवढ्यात चिमटीला ऊब लागली. गाठ कुठं ऊन असते? तो कान होता. केसात गुंडाळलेला.

गुंडाप्पानं कात्री खाली ठेवली. शिव्या थांबल्या. एवढ्या मेंढरांत त्याचा हात असा कधी चुकला नव्हता. बर्फी उठली आणि तोच हात चाटत बसली.

"बाने, पाणी दे गं," तो एवढंच म्हणाला.

नंतर कान आधी चिमटीबाहेर, मगच कात्री. ऊन कलेपर्यंत कातरणी संपली. घोंगडं बाजूला आणि आत करडाएवढा जीव. अंगावर पायऱ्या पायऱ्या, तोंड वासरासारखं बावळट. गुंडाप्पानं पाठीवर थाप मारली. जन्मभराची सवय, प्रत्येक कातरल्या मेंढराला मारायचा तशी. शेजारी गेरूची वाटी होतीच. खुणेची दोन बोटं बुडवून हात आपला चालला आणि पांढऱ्या ढुंगणावर दोन तांबडे पट्टे उठले.

बानूबाईनं कपाळाला हात लावला. "आता हे निघंल का?"

"मेंढराचं तर निघत न्हाय."

रविवारी गाडी दारात थांबली. सृष्टी उतरली, बघत राहिली. "आज्जा, ही कोण?"

तेवढ्यात त्या 'कोणी'नं तिच्या अंगावर झेप घेतली आणि ओळख पटली. राजेश्वरीनं बर्फीभोवती एक फेरी मारली. कचेरी हादरवणारा गुंडाप्पा मिशी चाचपू लागला.

"धुतलं म्या," तो म्हणाला. "गठ्ठे असताना. ही नगं म्हणत हुती."

बानूबाईच्या हातातला चहा हिंदकळला. इतक्या वर्षांच्या संसारात असलं वाक्य तिनं ऐकलं नव्हतं.

राजेश्वरी खाली बसली. कान उचलून मागं बघितलं, काख बघितली, पोट बघितलं. ओरखडा नव्हता.

"आणि हे तांबडं काय?" सृष्टीनं विचारलं.

"आपल्या कळपाची खूण."

"म्हणजे हिला आता कुणी नेऊ शकत नाही?"

"न्हेऊन बघू दे की कुणी!" गुंडाप्पाचा आवाज परत आला.

राजेश्वरीनं पदर तोंडाला लावला. हसत होती की काय, कळलं नाही. चहा झाला, बर्फी गाडीत बसली. राजेश्वरी दार लावता लावता म्हणाली, "मे महिन्यात लोखंडी कंगवा देईन बरोबर. रोज विंचरायचं, मामा. आणि आधी कातरायचं, मग धुवायचं. लक्षात राहील ना?"

गुंडाप्पाच्या मिशा ताठ झाल्या. तोंड उघडलं. बानूबाईनं पदर सावरून त्याच्याकडं नुसतं बघितलं.

"राहील," गुंडाप्पा म्हणाला.