आबांच्या घोंगड्याची खोळ

ऐका, हसा खुशाल, पण शेवटी माझी बाजू घेऊ नका. घेण्यासारखी नाहीच.

बारामतीत आम्ही नवं घर बांधलं, तेव्हाची गोष्ट. अंगणात माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अंथुर्ण्याच्या आबांनी, केशर आंब्याचं कलम लावून दिलं. "जावईबापू, लेकीवानी सांभाळा," म्हणाले. आणि पौषात अशी थंडी पडली की शेजारची पपई एका रात्रीत करपली. कलम गेलं तर आबांना तोंड काय दाखवायचं?

दिवाळीला आले तेव्हा आबा आपलं घोंगडं आमच्याकडे सोडून गेले होते. त्यांच्याकडे दुसरं असेलच, असं मी परस्पर ठरवून टाकलं. कलमाशेजारी काठी रोवली, घोंगड्याच्या भारानं कोवळा शेंडा मोडू नये म्हणून काठीवर मडकं उपडं घातलं आणि वरून घोंगड्याची खोळ चढवली. आबा डोक्यावरून घेतात ना, अगदी तशी. मग आत जाऊन रजईत शिरलो.

पहाटे धुक्यातून दुधाला निघालेले शेजारचे तात्या फाटकाशी थांबले. दिवाळीत त्यांची आणि आबांची चांगली गट्टी जमली होती.

"राम राम आबा. कवा आला?"

आबा गप्प. दुसऱ्या पहाटे पुन्हा राम राम, पुन्हा गप्प. ऊन आलं की मी खोळ काढायचो, मग तात्यांना कळणार कसं? त्यांनी आळीभर केलं, "जावयानं म्हाताऱ्याला थंडीत भाईर बसवलंय. वाचा गेली बिचाऱ्याची." हे मला फार उशिरा कळलं. आणि तात्यांची लेक दिलेली कुठं? अंथुर्ण्यातच.

त्याच आठवड्यात पहिल्या एस.टी.नं आबा दारात हजर. मी डोळे चोळत बाहेर आलो, तर फाटकाशी तात्याही उभे. एकदा आबांकडे बघत होते, एकदा खोळीकडे.

"आबा, तुमी हितं, मग त्यो कोण?"

"त्येच बगाया आलोय. तात्यांची लेक सांगत हुती, जावयानं मला थंडीत बसवलंय म्हनून," म्हणत आबांनी खोळ उचलली. खाली कलम हिरवंगार.

माझी छाती फुगली. म्हटलं, "बघा तात्या, उगाच बदनामी केलीत. आबांना थंडीत कोण बसवेल?"

आबा घोंगड्यावरून हात फिरवत होते. "हितं ऱ्हायलं व्हय ह्ये? दिवाळीपास्नं हुडकतोय. रातच्याला पिकाला पाणी द्यायला नुसत्या सदऱ्यावर कुडकुडत हुतो की."

तात्यांनी सावकाश माझ्याकडे बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांची बातमी सगळी खरी निघाली होती. चूक एवढीच, की वाचा आबांची गेली नव्हती. गेली ती माझी.