चाकातला आवाज आणि माझी सोयरीक

लग्नाच्या वयात माझ्याकडे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. मॅट्रिकच्या परीक्षेनं मला नाकारलं होतं, शेतीत माझा हात चालत नव्हता, आणि रूपाबद्दल घरातली माणसंसुद्धा विषय बदलत. पण आमच्याकडे मोटर होती. वडिलांनी, म्हणजे आबांनी, ती धुळ्याहून एका साहेबाकडून जुनी विकत आणली होती. त्यामुळे मध्यस्थ स्थळ सांगताना ‘मुलगा’ एवढंच म्हणून थांबत आणि पुढचं सगळं मोटरीबद्दल बोलत.

मोटरीबरोबर धुळ्याचा ड्रायव्हरही आला. त्याच्या अंगावर साहेबाकडचा खाकी कोट होता आणि तो मळू नये म्हणून तो कधी मोटरीखाली वाकत नसे. बाहेरून मात्र पुसपुस पुसायचा. चाकांच्या मध्यावर पितळी टोपणं होती, ती तर इतकी घासायचा की आबा त्यात बघून मिशा सारख्या करीत.

दसऱ्यानंतर त्या मोटरीच्या मागच्या चाकातून आवाज येऊ लागला. टक्, टक्, टक्. गंमत अशी की मोटर जोरात असली की आवाज बंद, आणि हळू झाली की सुरू. म्हणजे धरणगावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर, जिथं ऐकायला बाभळीच फक्त, तिथं आमची मोटर राजासारखी गुपचूप जाई. बाजारपेठेत शिरलो, गर्दीमुळे वेग कमी झाला, दुकानदारांनी माना वर केल्या, की वाजायला लागे.

“आबा, मोटरीला खोकला झाला का?” असं पानवाला रोज विचारी. आबा भोंगा दाबत.

मग निदान सुरू झालं. कापसाच्या जिनातला फिटर आला, त्यानं चाकाला कान लावला आणि “बेरिंग” म्हणाला. त्याच्या जिनातही काही बिघडलं की तो हेच म्हणे. ड्रायव्हरनं शपथेवर सांगितलं की टोपणात वंगण त्यानं स्वतः गच्च भरलंय, तेव्हा दोष रस्त्याचा आहे. आबांचे पत्ते खेळणारे वकीलमित्र म्हणाले, असा आवाज सगळ्याच विलायती गाड्यांना येतो. ते विलायतेला गेले नव्हते. आमचेही कोणी गेले नव्हते, म्हणून ते चाललं.

हे सगळं चालू असताना आबांची थोरली बहीण, आमची अक्का, ओट्यावर बसून वाती वळत असे. आम्ही घसा फोडून बेरिंगवर वाद घालायचो आणि ती मान डोलवायची. तिला पटतंय असं आम्हांला वाटे.

अशात माघात भडगावचं स्थळ आलं. आधीची दोन-तीन स्थळं हातची गेली होती. तिथल्या लोकांनी मोटर पाहिली, मग मला पाहिलं, आणि बेरजेत काहीतरी कमी पडलं. भडगावच्या नानांची मुलगी शिकलेली, चांगल्या घरची, आणि नानांनी स्पष्ट कळवलं होतं, “मोटर घेऊनच या.” आबांनी त्याचा अर्थ बरोबर लावला. ते मला म्हणाले, “हे बघ भाऊ, तिथं आपली मोटर वाजली तर तू संपलास.”

मी, आबा, अक्का आणि ड्रायव्हर निघालो. एरंडोलपर्यंत ठीक चाललं. पुढं रस्ता खराब, वेग कमी, आणि टक् टक् सुरू. आबांचा चेहरा काळवंडत गेला. भडगाव जवळ आलं, गिरणेचं पात्र दिसू लागलं, आणि आबांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. आमच्या मोटरीच्या चाकांना लाकडी आरे होते, अगदी बैलगाडीसारखे. उन्हानं गाडीचं चाक सुकलं, आरे खिळखिळे झाले, की आपल्याकडे काय करतात? चाक पाण्यात घालून ठेवतात. लाकूड फुगतं आणि बसतं.

“चाक सुकनं शे,” आबा म्हणाले. ते घाबरले की त्यांची शहरी भाषा पळून जाई. “मोटर पाणीमा घाल.”

ड्रायव्हरनं हात जोडले. “आबासाब, ये विलायती माल है, पानी में नहीं जाता.”

“लाकूड काय विलायतेत वेगळं उगवतं?” आबांनी विचारलं. ड्रायव्हरनं कोटाची टोकं वर खोचली. मी वर, “दोन्ही बाजूंनी भिजली पाहिजेत” अशी भर घातली.

मोटर गिरणेत गेली. आम्ही आत बसलेले, चारी बाजूंनी पाणी, धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघतायत. काठावर पांढऱ्या फेट्यातले एक गृहस्थ बैलांना पाणी पाजत होते. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “पाहुणे कुठले?”

“धरणगावचे,” आबा मोटरीतून म्हणाले. “इथं नानांकडे मुलगी बघायला आलोय.”

“नाना मीच,” ते म्हणाले. “या. पण आधी बाहेर या.”

बाहेर येणं मोटरीच्या मनात नव्हतं. चाकं वाळूत रुतली होती आणि इंजिन पाणी पिऊन गप्प झालं होतं. शेवटी नानांनी आपलेच बैल जुंपले. अशा रीतीनं, बैलांच्या पावलांनी, आमची वरपक्षाची मोटर भडगावात शिरली. त्याहून हळू मोटर चालणं शक्य नाही. आणि इंजिन बंद असल्यामुळं गावातल्या शेवटच्या बहिऱ्यालाही ऐकू जाईल असं चाक वाजत होतं. टक्. टक्. टक्. पोरं मागं. कुत्री पुढं. आबा सरळ समोर बघत होते. मी पायांशी काहीतरी पडलंय असं दाखवून वाकून बसलो, ते नानांच्या दारापर्यंत.

दाराच्या आत बायका उभ्या होत्या. त्यांतला एक आवाज आपल्या आईला म्हणाला, हळूच, पण सगळ्यांना ऐकू येईल असं, “आजीचा पानाचा डबा हलवला की असंच वाजतं.”

नानांनी तिकडे पाहिलं, मग चाकाकडे पाहिलं. “काढा हो ते टोपण,” ते ड्रायव्हरला म्हणाले. ड्रायव्हरनं एकदा कोटाकडे बघितलं आणि नाइलाजानं गुडघे टेकले. टोपण निघालं. आत वंगण औषधालाही नव्हतं. होती ती एक सुपारी. हळदकुंकवाचा डाग उरलेली, वेगात कडेला चिकटणारी, हळू चालीत आपटून आपटून गुळगुळीत झालेली. ती घरंगळत नानांच्या पायाशी आली.

अक्का लगबगीनं उतरली, सुपारी उचलून कपाळाला लावली आणि पदरात घेतली.

“दसऱ्याला पूजेत मांडेल गणपती शे,” ती शांतपणे म्हणाली. “ड्रायव्हर जेवाले गया, टोपण काढेल व्हतं, मीच ठेयी. चाकमा देव ऱ्हायना म्हणजे घात नही.”

“मग इतके महिने बोलली का नाहीस?” आबांनी विचारलं.

“माले कोनी इचारं का? तुम्ही बेरिंग बेरिंग करी ऱ्हायनात. माले वाटनं, ते दुसरं काही व्हई. देव कसाले वाजी?”

आत कोणीतरी खुदकन हसलं. तोच मघाचा आवाज. आणि खरं सांगतो, मुलगी समोर यायच्या आधीच माझा निर्णय झाला होता. माझ्या निर्णयाला विचारतो कोण, हा भाग वेगळा.

कांदेपोहे झाले. मुलीनं मान खाली घातली होती, पण खांदे हलत होते. नानांनी मला एकच प्रश्न विचारला, “मुलगा काय करतो?” मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, “मोटरीकडे लक्ष देतो.” नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उरलेले पोहे न चावता गिळले.

ते आत गेले. आत बरीच कुजबुज झाली. आबा टोपीच्या घड्या घालत होते. बाहेर आले तेव्हा नाना गंभीर होते.

“पोरीला स्थळ पसंत आहे,” ते म्हणाले. “का, ते मी विचारलं नाही. आमचंही ना नाही. पण एक अट. वऱ्हाड बैलगाड्यांनी आणा. आमच्या गावात लोकांना वेळेवर जेवायची सवय आहे.”

आबांनी मान डोलावली. इंजिन वाळल्यावर परतताना अक्कानं सुपारी पुन्हा चाकात बसवली, कारण देव जागेवरून हलवायला त्या दिवशी मुहूर्त नव्हता. पुढं धरणगावच्या बाजारात मोटर वाजली की आबा स्वतःच सांगू लागले, “चाकात गणपती आहे.” फाल्गुन संपेपर्यंत तोच पानवाला आवाज आला की हात जोडायला लागला होता.

वऱ्हाड मात्र गाड्यांनीच गेलं. मी पहिल्या गाडीत, मुंडावळ्या सांभाळत. चाकं धरणगावापासून भडगावापर्यंत कुरकुरत होती, रडत होती, किंचाळत होती. आवाज कसला येतोय म्हणून कुणी एकदाही खाली वाकलं नाही.