छावणीतल्या ऑर्गनच्या नादी लागून

माझ्या चामड्याच्या दुकानात माल कापला की तुकडे उरतात. टाकवत नाहीत आणि कामालाही येत नाहीत. छावणीतल्या जुन्या हॉलमधल्या पाइप ऑर्गनचे किस्से माझ्याकडं असेच साठलेत. भिंतभर उभ्या धातूच्या नळ्या, त्यांना भात्याची हवा आणि समोर बाजाच्या पेटीसारख्या पट्ट्या, असं हे इंग्रजांच्या काळातलं वाद्य. ट्रस्टचे अध्यक्ष वकीलसाहेब ते एका हॉटेलवाल्याला लॉबीत शोभेसाठी विकायला निघालेले. रिटायर्ड म्युझिक टीचर साळवे सर आडवे आले. "आधी दुरुस्त करून, एकदा वाजवून तर दाखवू द्या!" तेवढीच मुदत मिळाली. यात माझं काय काम, ते मला अजून कळलेलं नाही.

*

सर दुकानात आले. "भात्यासाठी मेंढीचं मऊ कातडं पाहिजे."

"या वयात लोहारकाम काढलं का सर?"

सरांनी कातडं तोंडाला लावलं आणि गाल फुगवून फुंकर मारली. हवा आरपार जाते का ते बघत होते. मग दुसरं, मग तिसरं. बाजूचं गिऱ्हाईक घाबरलं. "शेठ, मी आपला नुसता बेल्ट न्यायला आलतो. मलाबी फुंकावं लागंल का?"

*

सुतारकामाला रऊफभाई. सरांनी त्यांना नळ्या काढून पुसायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळ्या नळ्या शाळेच्या प्रार्थनेतल्या पोरांसारख्या उंचीनं रांगेत! चकाचक! "सर, पैले सब उलटा-पुलटा रखेला था. मैं लाइन से लगा दिया."

सर मटकन खाली बसले. म्हणे, एकाच उंचीच्या दोन नळ्यांचे आवाज वेगळे असतात. कोणती कुठली, ते आता फुंकूनच ओळखायचं. बसलो तिघं फुंकत! मला सगळ्या सारख्याच वाटल्या. तेवढ्यात बायकोचा फोन, "कुठं आहात?" म्हटलं, "नळी फुंकतोय, छावणीत." पलीकडून फोनच कट!

*

दसऱ्याला आमच्याकडं वजनकाट्यापासून स्कूटरपर्यंत सगळ्याची पूजा होते. ऑर्गनला कसं वगळणार? हळद-कुंकू वाहिलं, नळ्यांवर झेंडूच्या माळा चढवल्या. सरही हौसेनं हात जोडून उभे. पुढं वकीलसाहेब कोर्टातून थेट पाहणीला आले. सरांनी पट्टी दाबली, अन् नळ्यांत पडलेल्या वाळक्या पाकळ्या भस्सकन साहेबांच्या काळ्या कोटावर!

"हा काय प्रकार आहे?"

सर शांतपणे म्हणाले, "स्वागत."

*

करमाडचे एक पाटील आले. "पोराच्या वरातीला देता का? ट्रॉलीवर बसवू की."

"बसंल," सर म्हणाले, "पण हा हॉलबी ट्रॉलीवर घ्यावा लागंल."

पाटील हॉल वर-खाली न्याहाळत राहिले. "ट्रॉली मोठीय आपली."

*

शेवटी कार्यक्रमाचा दिवस उजाडला. हॉल भरला. वकीलसाहेब हॉटेलवाल्याला शेजारी घेऊन बसलेले. मला म्हणाले, "शेठ, वाईट वाटून घेऊ नका. कार्यक्रम संपला की विक्री जाहीर करतो. संपेपर्यंत मात्र एक शब्द काढणार नाही. सरांचा मान आहे."

सरांनी हे ऐकलं की नाही, देव जाणे. वाजवायला बसले. काय वाजवलं ते कळलं नाही, पण छातीत घुमत होतं. मग त्यांनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. तरी एक खोल, जाड सूर चालूच! लोकांचे टाळीचे हात अधांतरी. टाळी वाजवावी? उठावं? कोणालाच कळेना, म्हणून कोणी हलेना. हॉटेलवाला घड्याळ बघू लागला. सूर चालूच. अखेर "फ्लाइट आहे" म्हणत तो निघून गेला. सूर चालूच!

वकीलसाहेब माझ्या कानाशी लागले. "संपलं का हो?"

मी वाकून पाहिलं. त्या वाद्याला खाली पायानं दाबायच्याही लाकडी पट्ट्या असतात. सरांचा बूट बाजूला काढलेला आणि मोज्यातला डावा पाय एका पट्टीवर गच्च.

"नाय साहेब," मी म्हणालो. "अजून लई बाकी दिसतंय."