सुयांचा डबा

बाबा गेल्यावर आठ महिन्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला: जुने सेल, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं वगैरे घातक कचरा रविवारी सकाळी वेगळा नेणार. मी खराडीहून शनिवारीच कोथरूडला आईकडे जाऊन थडकले. आवराआवर म्हटली की माझ्या अंगात येतं.

आई मुकाट्याने सगळं देत होती. फुगलेले सेल, बाबांच्या गोळ्या, कधीच राम म्हटलेल्या मोबाइलचे चार्जर. अडली ती एका डब्यापाशी.

बाबांना मधुमेह होता. अकरा वर्षं आईच त्यांना इन्सुलिन टोचायची. पूर्वी सुया कागदात गुंडाळून सरळ कचऱ्यात जायच्या. मग एकदा रोज कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या बोटात सुई घुसली. ती कुणाच्या घरची होती ते कळलं नाही, पण बाबांनी ती आपलीच धरली. तेव्हापासून सुया प्रोटीन पावडरच्या रिकाम्या डब्यात साठू लागल्या. डबा भरला की बाबा तो स्वतः ताईंच्या हातात देत. प्रत्येक डब्यावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठी असे: ‘आत वापरलेल्या सुया आहेत. उघडू नये. फारच कुतूहल असल्यास बेल वाजवून विचारावे.’

हा शेवटचा डबा अर्धाच भरला होता.

“डबा ने,” आई म्हणाली, “चिठ्ठी तेवढी काढून दे मला.”

बाबांचं अक्षर घरात काही कमी नव्हतं. पासबुकांवर होतं, विजेच्या बिलांवर होतं. पण तिथे नुसते आकडे आणि सह्या. या चिठ्ठीत ते बोलत होते. मलाही ती हवीशी वाटली, हे मी आईला सांगितलं नाही.

रविवारी सकाळी कोमट पाण्याचं फडकं लावून मी चिठ्ठी सोडवायला घेतली. एक कोपरा सुटला, तेवढ्यात ताई आल्या. माझा उद्योग बघून त्यांनी हातातली बादली खाली ठेवली.

“काकू, चिठ्ठी नका काढू,” त्या आईला म्हणाल्या. “मला ठाऊक आहे आत काय आहे ते. पण पुढं शेडवर बाया कचरा वेगळा करतात. काका नसले तरी त्यांना ही चिठ्ठी सांगते.”

मला माझीच लाज वाटली. बाबांनी जे कुणाच्या तरी बोटासाठी लिहिलं होतं, ते आम्ही मायलेकी कपाटात जपून ठेवायला निघालो होतो. निदान फोटो काढू का, असं मी विचारलं. आईने मान डोलावली आणि ती स्वयंपाकघरात गेली. फोटो मी काढला, पण तो नीट आला नाही.

आई परत आली ती तळहातावर भाताची चार शितं घेऊन. डिंकाची बाटली घरात होती, पण बाबा चिठ्ठ्या शितांनीच चिकटवायचे. तिने शितं कोपऱ्याखाली चिरडली आणि वर अंगठा दाबून धरला. इंजेक्शननंतर बाबांच्या पोटावर कापूस धरायची, अगदी तस्साच.

ताई दारात थांबून होत्या. कोपरा केव्हाच चिकटला होता. आईने आणखी थोडा वेळ अंगठा तसाच ठेवला, आणि मग डबा त्यांच्या हातात दिला.