पीछे-पीछे आ जाओ

इंदूरचे लोक पत्ता सांगत नाहीत, नेऊन सोडतात. साताऱ्याहून इथल्या कॉलेजात शिकवायला आले, त्या पहिल्याच दिवशी मला हे कळलं. पलासियाच्या चौकात स्कूटर थांबवून एका गृहस्थांना रस्ता विचारला. त्यांच्या गाडीला गरम जलेबीचा पुडा लटकत होता. "पीछे-पीछे आ जाओ," म्हणाले आणि गाडी उलटी वळवून थेट फाटकापर्यंत माझ्यापुढे गेले. मी आभार मानू लागले, तर हात झटकून म्हणाले, "मेरे को काहे का थैंक यू? आपसे कोई पूछे तो उसको छोड़ आना."

हे मी जरा जास्तच मनावर घेतलं. नवरा चिडवतो, "कुणी पुरतं विचारायच्या आत तुझी गाडी सुरू झालेली असते." मला राग येतो, कारण ते खरं आहे.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी त्याच चौकात एक मोटारसायकल माझ्याशेजारी थांबली. साफा बांधलेले वडील, मागे मुलगी. जवळच्या देपालपूरहून आले होते. मुलीची नर्सिंगची प्रवेश परीक्षा होती आणि फाटक नऊला बंद होणार होतं. "छोरी पिछली बार दो नंबर से रह गई थी, मैडम," म्हणत त्यांनी प्रवेशपत्र पुढे केलं. मी कॉलेजचं नाव वाचलं, ते ओळखीचं होतं, आणि पुढचं वाचायची गरजच मला वाटली नाही. "पीछे-पीछे आ जाओ!"

मोठ्या दिमाखात त्यांना त्या कॉलेजच्या फाटकाशी नेलं. चौकीदाराने कार्ड पाहिलं. "मैडम, ये तो नई बिल्डिंग का सेंटर है. नीचे लिखा तो है."

नऊला पंधरा मिनिटं होती. नवी इमारत कुठे आहे, हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही बाहेरून आलेले लोक असेच, अर्ध्या हळकुंडाने पिवळे! मुलगी कार्डावरची ती खालची ओळ पुन्हा पुन्हा वाचू लागली. ते पाहून मला इतकी लाज वाटली की "अरे देवा, काय केलं मी हे!" असं मोठ्यानेच तोंडून निघून गेलं.

समोर भाजीच्या हातगाडीशी गाऊन घातलेल्या एक काकू मेथी निवडत होत्या. त्या वळल्या. "मराठी आहात का? मग घाबरता काय, बाई! ती नवी बिल्डिंग मला पता आहे. चला, माझ्या पीछे या, जल्दी!" मेथी तिथेच टाकून त्यांनी स्कूटरला किक मारली. पुढे काकू, मध्ये मोटारसायकल, मागे मी. फाटक लोटत असतानाच मुलगी आत शिरली आणि माझा जीव भांड्यात पडला.

काकू मेथीसाठी परत गेल्या. मला मात्र घरी जाववेना. मी त्या वडिलांबरोबर टपरीवर चहा पीत बसले आणि दोनदा माफी मागितली. ते फक्त म्हणाले, "हो जाता है, बेन."

दुपारी मुलगी हसत बाहेर आली. पेपर चांगला गेला होता. मी त्यांना पलासियापर्यंत सोडायला निघाले, पण चौकात सिग्नल लागला आणि एका स्कूटरवरच्या नवरा-बायकोने त्या वडिलांनाच विचारलं, "भिया, ये कॉलेज किधर पड़ेगा? दोपहर का पेपर है."

मी तोंड उघडलं. वडिलांनी हात वर करून मला थांबवलं. त्या दोघांकडून कार्ड घेतलं आणि एकेका ओळीवर बोट ठेवत अगदी शेवटपर्यंत वाचलं. खाली तीच नवी बिल्डिंग लिहिलेली होती आणि अख्ख्या इंदुरात त्यांना तेवढी एकच वाट ठाऊक होती. त्यांनी मोटारसायकल वळवली.

"पीछे-पीछे आ जाओ."

मुलगी माझ्याकडे बघून खळखळून हसली. मीही हसत गाडी वळवली आणि मुकाट्याने सगळ्यांच्या मागे निघाले.