आण्णांनी माघारी आणलेलं विमान

नेमूआण्णा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी आमच्या गावातल्याच हायस्कूलमध्ये नववीचा तास घेत होतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि ते ज्यांच्यामुळे झालं ते हे आण्णा...

आण्णा तासगावजवळच्या आमच्या गावचे बेदाण्याचे व्यापारी. हंगाम संपला की जत्रांतून तंबूत सिनेमे दाखवायचे. इंग्रजी सिनेमा स्वस्तात मिळे. मग पडद्याशेजारी माईक घेऊन ते त्याचं मराठी करून सांगत. इंग्रजी त्यांना माझ्या वडिलांइतकंच, म्हणजे अजिबात येत नव्हतं.

बारावीनंतर मला सांगलीच्या कॉलेजात जायचं होतं. वडील, म्हणजे आमचे आबा, ऐकेनात. "माझा थोरला भाऊ मॅट्रिक शिकायला शहरात गेला, तो आता लग्नपत्रिकेत नावापुरता उरलाय. शिकल्यालं पोरगं माघारी येत न्हाई."

आण्णा म्हणाले, "आबा, जत्रंतला सिनेमा बघा, मग न्हाई म्हणा."

जुना, काळा-पांढरा सिनेमा होता. एक वैमानिक इवल्याशा विमानातून एकटाच अख्खा महासागर पहिल्यांदा ओलांडतो. विमान उडालं तशी एका म्हातारीनं विचारलं, "आवं आण्णा, त्यानं काय खाल्लंय का?"

"व्हय मावशी, आयनं धपाटी बांधून दिल्यात."

तेवढ्यात रिळं लावणाऱ्यानं मधलं सोडून शेवटचं रीळ लावलं. विमान थेट परमुलखात उतरलं, गर्दीनं वैमानिकाला खांद्यावर घेतलं. मग मधलं रीळ लागलं. पुन्हा तोच समुद्र, डोळ्यांवर झोप आलेला तोच माणूस. तंबूत कुजबुज सुरू झाली. आण्णा जराही अडखळले नाहीत. "सत्कार झाला. आता गडी घरला निघालाय."

आबा उठून उभे राहिले. "झोपू नगंस रं लेकरा, आय वाट बघतीया."

रीळ समुद्रावरच संपलं, दिवे लागले.

"पोचला का न्हाई?" आबांनी विचारलं.

"पोचला की. आय दारात तुकडा ओवाळतीया. पण त्ये घरगुती हाय, म्हणून दाखवत न्हाईत."

आबा माझ्यासोबत घरी आले. दारात पायताण काढताना म्हणाले, "जा सांगलीला. पण त्या गड्यावानी माघारी यायचं."

गेल्या आठवड्यात आण्णांच्या सूनबाईंनी रिळाचा एक पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. रीळ नव्हतं. मी वसतिगृहातून पाठवलेलं पत्र होतं...

"ती. स्व. आण्णा, शि. सा. नमस्कार. काल इथे तो सिनेमा पुन्हा पाहिला, रिळं नीट लावलेली. तो गडी परत येतच नाही हो. तिकडे उतरतो आणि सिनेमा संपतो. आबांना सांगू नका. मी शनिवारच्या एस.टी.नं घरी येतोय."